फुफ्फुसात आलेला निरोप्या



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दर वर्षी इथे जमतो, त्या डॉक्टरांना मी पाहिलेलं नाही. माझ्या वडिलांनी पाहिलं होतं. त्यांच्या क्षयावर याच गावात उपचार झाले. वडील सांगायचे, इंजेक्शन टोचून झालं की डॉक्टर म्हणत, ‘माझं काम झालं, आता उरलेलं तुझी छाती बघेल.’ लहानपणी मला वाटायचं, डॉक्टर हात झटकतायत. पुढे मी छातीचाच डॉक्टर झालो, तीसेक वर्षं अतिदक्षता विभागात काढली, तेव्हा कुठे कळलं की हात झटकणं वेगळं आणि हात आवरणं वेगळं.

पत्रिकेवर विषय छापलाय ‘विषाणूंमुळे फुफ्फुसाला होणारी गंभीर इजा आणि मूलपेशी उपचार’. हे वाचून निम्मं गाव घरी थांबेल अशी माझी अटकळ होती. तुम्ही आलात. तेव्हा आधी एक प्रसंग सांगतो, मग विज्ञानाकडे वळू.

२०२१ चा एप्रिल आठवा. रेमडेसिविरसाठी दुकानांपुढे रांगा, ऑक्सिजनच्या टँकरकडे डोळे, आणि फोन लावला की पहिला प्रश्न ‘स्कोअर किती आला?’ सीटी स्कॅनमध्ये पंचवीसपैकी किती, यावर घरच्यांची झोप ठरायची. पुण्यात मी ज्या रुग्णालयात होतो, तिथे आयसीयूबाहेरच्या जिन्यात एक पंचविशीतला मुलगा मला भेटला. वडील व्हेंटिलेटरवर, अकरावा दिवस. त्यानं मोबाइल पुढे केला. ‘सर, हे बघा. स्टेम सेलनं फुफ्फुस नवीन येतं म्हणे. एक जण पेशी आणून द्यायला तयार आहे.’ मी आकडा विचारला. तो इथे सांगत नाही. गावाकडची विहिरीची जमीन त्यात गेली असती, एवढं पुरे. ‘द्यायच्या का, सर?’

मी नको म्हणालो. दोन मिनिटांत म्हणालो, कारण तिसऱ्या मिनिटाला मला आत जायचं होतं. कारण सांगायचं राहून गेलं. आजचं व्याख्यान म्हणजे ते राहून गेलेलं कारण आहे, असं समजा.

त्याच्या वाक्यातला एक एक शब्द घेऊ. ‘फुफ्फुस’, ‘स्टेम सेल’ आणि ‘नवीन येतं’.

फुफ्फुस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे शाळेतल्या तक्त्यावरचे दोन गुलाबी फुगे येतात. फुफ्फुस फुगा नाही. ती ३० ते ५० कोटी अतिसूक्ष्म पिशव्यांची वस्ती आहे. या पिशव्यांना आपण वायुकोश म्हणतो. सगळे वायुकोश उलगडून जमिनीवर अंथरले, तर साधारण ७० चौरस मीटर जागा लागेल. म्हणजे साडेसातशे चौरस फूट, पुण्यातला दोन बेडरूमचा फ्लॅट. तोही कार्पेट एरिया, बिल्डरचा सुपर बिल्टअप नव्हे! एवढा फ्लॅट आपण छातीत घडी घालून बाळगतो. आणि त्याची भिंत किती जाड? माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. ही भिंत एका मायक्रॉनपेक्षाही पातळ. अलीकडे हवा, पलीकडे रक्त. आपलं सगळं जगणं त्या भिंतीतून आरपार जातं.

या भिंतीत दोन प्रकारच्या पेशी असतात, आणि आजची सगळी गोष्ट या दोघींची आहे. पहिली चपटी, पसरट, लाटलेल्या पोळीसारखी. वायुकोशाचा ९५ टक्के पृष्ठभाग तिनंच झाकलेला असतो. प्राणवायू तिच्यातून जातो. दुसरी गोलसर, कोपऱ्यात बसलेली, कणकेच्या गोळ्यासारखी. तिची कामं दोन. एक म्हणजे साबणासारखा एक स्निग्ध पदार्थ पाझरत ठेवायचा, म्हणजे श्वास सोडताना वायुकोशाच्या भिंती एकमेकींना चिकटून मिटत नाहीत. आणि दुसरं काम? पोळी फाटली की गोळ्यातून नवी पोळी लाटायची. पहिल्या प्रकारची पेशी मेली, की ही दुसरी विभागते आणि तिच्या लेकींपैकी काही चपट्या होऊन रिकामी जागा भरतात.

म्हणजे फुफ्फुसाची स्वतःची मूलपेशी फुफ्फुसातच आहे. कोपऱ्यात बसलेली. बाहेरून कुणी पाठवायच्या आधीपासून. हे लक्षात ठेवा, आपण परत इथे येणार आहोत.

आता विषाणूचा कावा बघा. कोविडचा विषाणू पेशीत शिरतो तो एसीई-२ नावाच्या दारातून. हे दार वायुकोशात प्रामुख्यानं कुणाकडे असतं? त्या दुसऱ्या, गोलसर पेशीकडे. बर्ड फ्लूचे विषाणूही तिलाच धरतात. घराची भिंत पाडायला आलेल्यानं आधी गवंड्यालाच गाठावं, तसं हे आहे. गवंडी गेला, स्निग्ध पदार्थ आटला, वायुकोश मिटू लागले. मग शरीराची फौज धावून येते, आणि फौज आली की शेत तुडवलं जातंच. केशवाहिन्या झिरपू लागतात, प्रथिनांनी भरलेलं पाणी वायुकोशांत साचतं, त्याचा चिकट पापुद्रा भिंतीवर बसतो. विषाणू कधीकधी तोवर निघूनही गेलेला असतो. वणवा विझला तरी धूर राहतो ना, तसा दाह राहतो. माणूस कोरड्या खाटेवर पडून आतल्या पाण्यात बुडत असतो.

या अवस्थेचं वर्णन १९६७ साली अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये केलं. पेशंट बारा. कुणाला अपघात, कुणाला विषाणूचा न्यूमोनिया, एकाला स्वादुपिंडाचा दाह. कारणं वेगळी, पण एक्स-रे सगळ्यांचा सारखा पांढराफटक. तिला आम्ही एआरडीएस म्हणतो. पुण्यात मी ती विषाणूमुळे पहिल्यांदा थव्यानं पाहिली २००९ मध्ये, स्वाइन फ्लूच्या वेळी. देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू त्या ऑगस्टमध्ये पुण्यातच झाला, आणि गेलेली मुलगी चौदा वर्षांची होती. तोंडाला रुमाल बांधलेलं पुणं लोक आता विसरले; कोविडनं ते पुसून टाकलं. आम्ही विसरलो नाही, कारण तेव्हाही आमच्या हातात होता तो व्हेंटिलेटरच. आणि व्हेंटिलेटर हे औषध नाही. ती मुदत आहे. सावकारानं दिलेली मुदत, जिच्यावर व्याज चढतं. जोरानं हवा ढकलली तर तोच फुफ्फुस फाडतो.

म्हणून माणसाला वाटणारच, की दुरुस्तीचा माणूस बाहेरून मागवता आला तर?

इथे दुसरा शब्द येतो, स्टेम सेल. आपल्या भाषेनं तिला ‘मूलपेशी’ म्हटलं हे मला फार आवडतं. मूल म्हणजे मुळाशी असलेलं, आणि मूल म्हणजे पोर. पुढे मोठं होऊन कोण होईल ते ठरलेलं नाही, असं पोर. पण ‘पोरं’ म्हटलं म्हणजे सगळी एका घरची नव्हेत. रक्ताच्या मूलपेशी वेगळ्या. बोनमॅरो ट्रान्सप्लांट त्यांच्या जिवावर चालतं, ब्लड कॅन्सर आणि थॅलसेमियात ते माणसं वाचवतं. ते घडवणाऱ्या डोनल थॉमस यांना १९९० मध्ये नोबेल मिळालं. त्यात शंका नाही, वाद नाही. माणसाच्या भ्रूणातल्या मूलपेशी वेगळ्या, १९९८ मध्ये त्या प्रयोगशाळेत वाढवता आल्या. शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या मोठ्या झालेल्या पेशीला पुन्हा बालपणात नेलं, त्या आणखी वेगळ्या. ‘स्टेम सेल’ हा एकच शब्द या सगळ्यांवर चिकटवला जातो, आणि एकीच्या पुण्याईवर दुसरीचा धंदा चालतो.

फुफ्फुसासाठी वापरल्या गेल्या त्या यातल्या कुठल्याच नव्हेत. त्यांचं नाव मेझेन्कायमल पेशी. अलेक्झांडर फ्रीडेनश्टाइन या शास्त्रज्ञानं सोव्हिएत काळात मॉस्कोत त्या ओळखल्या. अस्थिमज्जा बशीत घातली की काही पेशी तळाला चिकटून बसतात, वसाहती करतात, आणि त्यांच्यापासून हाड बनू शकतं. पुढे १९९१ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या आर्नल्ड कॅपलन यांनी त्यांचं बारसं केलं, ‘मेझेन्कायमल स्टेम सेल’. नाव गाजलं. मग चरबीत सापडल्या, नाळेत सापडल्या, मासिक पाळीच्या रक्तातही सापडल्या.

इथे जरा थांबतो. विषाणूनं निकामी झालेल्या फुफ्फुसांवर या पेशींचा जो पहिला मोठासा प्रयोग झाला, चीनमध्ये, त्यात वापरलेल्या पेशी मासिक पाळीच्या रक्तातून घेतल्या होत्या. ज्या रक्तासाठी आपण बाईला ‘कावळा शिवला’ म्हणून बाजूला बसवलं, तेच रक्त तिकडे मरणाऱ्या माणसांच्या शिरेत जीव म्हणून सोडलं जात होतं. यावर मी भाष्य करत नाही. सभागृहातल्या आजीबाई हसल्या, तेवढं भाष्य पुरे.

या पेशी शिरेतून दिल्या की कुठे जातात? शिरेतून हृदयाच्या उजव्या कप्प्यात आणि तिथून थेट फुफ्फुसात. फुफ्फुसाच्या केशवाहिन्या अरुंद, पेशी जाडजूड. बहुतेक तिथेच अडकतात. याच पेशींनी हृदय दुरुस्त करू पाहणारे याला वैतागले होते. त्यांच्या पेशी मुक्कामाला पोचतच नव्हत्या. आम्ही मात्र खूश झालो. त्यांची अडचण ती आमची सोय! पेशी न सांगता बरोबर फुफ्फुसातच उतरतायत, आणखी काय हवं?

आता तिसरा शब्द. ‘नवीन येतं.’ तिथे उतरलेल्या पेशी फुफ्फुस होतात का?

नाही होत. मी हे मुद्दाम सावकाश सांगतो, कारण जाहिरातींचा सगळा डोलारा या एका गैरसमजावर उभा आहे. या पेशी वायुकोशाची भिंत बनत नाहीत. पोळी होत नाहीत, गोळाही होत नाहीत. काही दिवसांत त्यांचा मागमूसही उरत नाही. आणि तरीही प्रयोगशाळेत ज्या उंदरांची फुफ्फुसं दुखावून या पेशी दिल्या, ते बरे होत होते! गवंडी म्हणून बोलावलेला माणूस एक वीटही न लावता निघून गेला, आणि सकाळी बघावं तर भिंत सावरलेली. हे कसं?

गवंडी समजून ज्याला बोलावलं, तो निरोप्या होता. या पेशी बोलतात. त्या जी रसायनं सोडतात त्यातली काही दाहाला आवरतात, काही झिरपणाऱ्या वाहिन्यांची शिवण घट्ट करतात, काही जंतूंना मारतात, काही कोपऱ्यातल्या त्या गोलसर पेशीला ऊठ म्हणून सांगतात. एवढंच नाही. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जहर भट्टाचार्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये उंदरांच्या जिवंत फुफ्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, की या पेशी वायुकोशाच्या आजारी पेशींना आपली मायटोकाँड्रिया, म्हणजे आपली वीजघरं, देऊन टाकतात. शेजारच्या घरात अंधार झाला म्हणून आपला दिवा उचलून द्यावा तशी. दिल्लीच्या इन्स्टिट्यूट ऑफ जीनोमिक्स अँड इंटिग्रेटिव्ह बायोलॉजीमध्ये अनुराग अग्रवाल यांच्या गटानं दोन वर्षांनी दाखवलं, की हा दिवा पोचवण्याच्या कामात मिरो-१ नावाचं एक प्रथिन हमालाची भूमिका करतं. आणि सर्वांत विलक्षण भाग असा: शरीरातल्या भक्षक पेशी या पाहुण्या पेशींना खातात, आणि खाल्ल्यावर स्वतःच शांत होतात. मरूनही निरोप पोचवणारा असा निरोप्या कुठे पाहिलात?

आणि मग २०१७ साल आलं. ज्यांनी बारसं केलं होतं त्याच कॅपलन यांनी लेख लिहिला, की नाव बदला. या पेशींना स्टेम सेल म्हणणं दिशाभूल करणारं आहे, त्यांना औषधी निरोप देणाऱ्या पेशी म्हणा. सव्वीस वर्षांनी आत्यानंच नाव मागे घेतलं! पण नाव बाजारात गेलं की ते आत्याचं राहत नाही. कारण ‘निरोप देणाऱ्या पेशी’ या नावानं कुणी विहीर विकत नाही.

तर कल्पना सुंदर आहे. उंदरांत दिसलेली आहे. आता माणसांत काय झालं?

चीनमध्ये २०१३ साली एच-७-एन-९ बर्ड फ्लू आला. अगदी वाईट अवस्थेतल्या १७ जणांना त्या मासिक पाळीच्या रक्तातल्या पेशी दिल्या, ४४ जणांना दिल्या नाहीत. पेशी मिळालेल्यांपैकी ३ गेले, न मिळालेल्यांपैकी २४. म्हणजे १७.६ टक्के विरुद्ध ५४.५ टक्के. हे आकडे छापून आले २०२० मध्ये, कोविडच्या ऐन भरात. कुणाचे डोळे दिपणार नाहीत? मग बीजिंगमधून सात कोविड रुग्णांचा अहवाल आला, सातही सुधारले. न्यूयॉर्कमधून बातमी आली, व्हेंटिलेटरवरच्या १२ जणांना दात्यांच्या अस्थिमज्जेतल्या पेशी दिल्या, ९ जणांची नळी निघाली. मायामीत नाळेतल्या पेशी घेऊन २४ जणांचा अभ्यास झाला, आणि त्यातही पेशी मिळालेला गट कितीतरी पुढे होता. माझ्या जिन्यातल्या मुलाच्या मोबाइलवर यातलंच काहीतरी होतं. ते खोटं नव्हतं. खोटं असतं तर माझं काम सोपं होतं.

मग हरकत कसली? १७ विरुद्ध ४४ या चिनी अभ्यासात कुणाला पेशी द्यायच्या हे चिठ्ठी टाकून ठरलेलं नव्हतं. ज्यांना मिळाल्या ते मुळातच थोडे बरे असतील, किंवा थोड्या चांगल्या वेळी आलेले असतील, हे नाकारता येत नाही. आणि न्यूयॉर्कच्या बारांना तुलनेला कुणीच नव्हतं. नऊ नळ्या निघाल्या त्या पेशींनी, की त्या तशाही निघणार होत्या? हे विचारणं क्रूर वाटतं, मला माहीत आहे. नवसाला पावलेल्या देवाला कुणी तुलनेचा गट मागत नाही. पण नवस फेडायचा तो आपल्या पैशानं. औषध दुसऱ्याच्या शिरेत जातं.

म्हणून तो प्रश्न रीतसर विचारला गेला. न्यूयॉर्कमध्ये वापरल्या त्याच पेशी, त्याच कंपनीच्या. आता चिठ्ठी टाकून निम्म्यांना पेशी, निम्म्यांना नुसतं पाणी, आणि दोन्ही बाजूंना बाकीची शुश्रूषा सारखी. ३०० रुग्ण घ्यायचे ठरले. डिसेंबर २०२० मध्ये, २२२ झाल्यावर, देखरेख समितीनं सांगितलं की पुढे भरती करून उपयोग नाही. महिनाभरात मृत्यू कमी झाल्याचं दिसण्याची शक्यता उरलेली नाही.

बाराजणांत चमत्कार. दोनशे बावीसजणांत शांतता.

खरं तर घंटा आधीच वाजली होती. सॅन फ्रान्सिस्कोचे मायकेल मॅथे हे या क्षेत्रातले सर्वांत सावध आणि सर्वांत चिवट माणूस. कोविड येण्याआधीच, २०१९ मध्ये, त्यांच्या गटानं ६० एआरडीएस रुग्णांवरचा प्रयोग छापला. किलोमागे एक कोटी पेशी. सत्तर किलोच्या माणसाला सत्तर कोटी. पेशींमुळे अपाय झाला नाही, हे चांगलं. पण २८ दिवसांत पेशी मिळालेल्या ४० पैकी ३० टक्के गेले, न मिळालेल्या २० पैकी १५ टक्के. घाबरू नका. पेशींचा गट सुरुवातीलाच जास्त आजारी होता, आणि एवढ्या संख्येत हा फरक योगायोगाचाही असू शकतो. मला त्यातला दुसराच आकडा लागला. गोठवून आणलेल्या पेशी वितळवल्यावर त्यातल्या जिवंत किती निघाल्या? कुठे ८५ टक्के, कुठे फक्त ३६. म्हणजे काही रुग्णांना दिलेल्या निरोप्यांपैकी दोन तृतीयांश वाटेतच मेलेले. मॅथेंनी हे स्वतः मोजलं आणि स्वतः छापलं. आपल्याच पेशींचं मुडदेघर उघडून दाखवायला छाती लागते.

पुढे बेलफास्टच्या गटानं कोविडच्या साठेक रुग्णांवर चिठ्ठी टाकून प्रयोग केला. अपाय नाही, पण रक्तातला प्राणवायूही सुधारला नाही. फ्रान्समध्येही असंच.

का झालं असं? माझं मत सांगतो. सगळ्या डॉक्टरांना ते पटेल असं नाही. एआरडीएस हा एक रोगच नाही. काहींच्या रक्तात दाहाची आग पेटलेली असते, काहींच्या नसते. दोघांचा एक्स-रे मात्र सारखाच पांढरा. आग नसलेल्या घरी अग्निशामक पाठवून काय होणार? शिवाय वेळ. पहिल्या आठवड्यात पाणी साचतं, मग दुरुस्ती सुरू होते, आणि ती चुकली की व्रण धरतो. अकराव्या दिवशी दिलेला निरोप कुणी ऐकतो की नाही, कोण जाणे. उंदराला आपण दुखावतो आणि चार तासांनी औषध देतो. माणूस चार तासांनी आमच्याकडे येत नाही. आधी काढा होतो, मग मेडिकलवाल्याची गोळी, मग शेजाऱ्याचा सल्ला, आणि मग आम्ही.

या पेशींची गोष्ट इथे संपलेली मात्र नाही. २२२ जणांत हरलेल्या त्याच पेशींना डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, पण वेगळ्याच आजारासाठी. बोनमॅरो ट्रान्सप्लांटनंतर नवी मज्जा लहान मुलाच्या शरीरावरच उलटते आणि स्टिरॉइडही हात टेकतात, त्यासाठी. म्हणजे निरोप खरा होता. पत्ता चुकला होता. आपल्याकडे बंगळूरच्या एका कंपनीच्या अशा पेशींना पायाच्या रक्तवाहिन्या बंद होणाऱ्या बर्गर रोगासाठी आणि गुडघ्याच्या संधिवातासाठी औषध नियंत्रकांची मान्यता आहे. फुफ्फुसासाठी? नाही. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, की मान्यता नसलेल्या आजारात मूलपेशी द्यायच्या तर फक्त नोंदणी झालेल्या चाचणीत. आणि चाचणीत येणाऱ्या माणसाकडून पैसे घ्यायचे नसतात. एवढं एक वाक्य पाठ करा. ‘प्रयोग आहे’ आणि ‘इतके लाख भरा’ ही दोन वाक्यं एकाच तोंडातून आली, की त्यातलं एक खोटं आहे.

मग एआरडीएसमध्ये माणसं वाचवली कुणी? व्हेंटिलेटरनं हवा कमी ढकलायची, किलोमागे १२ मिलिलिटरऐवजी ६. अमेरिकेतल्या ८६१ रुग्णांच्या अभ्यासात, २००० साली, मृत्यू ३९.८ टक्क्यांवरून ३१ वर आले. खर्च शून्य, यंत्राची कळ फिरवायची. पेशंटला पालथं घालायचं, दिवसाचे सोळा तास. फ्रान्समध्ये २०१३ साली २८ दिवसांतले मृत्यू ३२.८ वरून १६ टक्क्यांवर आले. निम्मे! त्याला चार-पाच जण आणि दमदार पाठी लागतात. आमच्याकडचे वॉर्डबॉय आणि सिस्टर पीपीई किटमध्ये घामानं निथळत रात्री तीन वाजता ‘एक, दोन, तीन, पालथा’ करायचे, त्यांच्या नावाची बातमी कुठल्या फॉरवर्डमध्ये आली नाही. आणि जून २०२० मध्ये इंग्लंडनं दाखवलं, की व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांत डेक्सामेथासोननं मृत्यू ४१.४ वरून २९.३ टक्क्यांवर येतात. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये काही रुपयांत मिळणारं साठ वर्षांचं जुनं औषध. ते जिंकलं, कारण कुणीतरी हजारो माणसांत चिठ्ठी टाकायची हिंमत केली.

ती हिंमत आपणही दाखवली, बरं का. कोविडमधून बऱ्या झालेल्यांचा प्लाझ्मा आठवतो? आयसीएमआरनं देशातल्या ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर चाचणी केली आणि २०२० च्या ऑक्टोबरमध्ये जगाला सांगितलं, फायदा नाही. आपल्या पैशानं, आपल्या माणसांवर, नीट केलेलं काम. आणि सहा महिन्यांनी, दुसऱ्या लाटेत, आपणच ग्रुपवर काय टाकत होतो? ‘बी पॉझिटिव्ह प्लाझ्मा हवा, अर्जंट.’ मीही दोन टाकले होते. एक माझ्या सख्ख्या मेव्हण्यासाठी. उत्तर ठाऊक असूनही. माणूस आपला असला की डॉक्टरही जिन्यातच उभा असतो.

कधी कधी कोपऱ्यातली ती गोलसर पेशी हरते, आणि फुफ्फुस सगळं व्रणाचं होऊन जातं. मग उरतं फुफ्फुसाचं प्रत्यारोपण. शिकागोत जून २०२० मध्ये अंकित भरत या भारतीय वंशाच्या शल्यविशारदानं कोविडनं फुफ्फुसं निकामी झालेल्या एका तरुणीवर ते केलं. पुढे आपल्याकडेही अशी प्रत्यारोपणं झाली. पण ती वाट फार थोड्यांची. बाकीच्यांचं उरलेलं काम त्यांची छातीच बघते, किंवा बघत नाही.

आता जिन्यातल्या मुलाकडे परत येतो. त्याचे वडील सतराव्या दिवशी गेले. विहीर राहिली, वडील गेले. शेजारच्या खाटेवर एक बाई होत्या, वय तेवढंच, स्कोअर जास्तच, व्हेंटिलेटरवर चोवीस दिवस. पालथं घालून घालून त्यांच्या गालावर फोड आले. त्या चालत घरी गेल्या. वर्षभरानं तपासायला आल्या तेव्हा त्यांचा एक्स-रे मी दोनदा लाइटला लावला. नाव चुकलंय की काय म्हणून. समजा, त्या रात्री माझ्याकडे पेशींची एकच पिशवी असती आणि ती मी या बाईंना दिली असती. आज मी तुमच्यापुढे उभा राहून शपथेवर सांगितलं असतं की पेशींनी फुफ्फुस नवीन येतं. माझा आवाज जराही कापला नसता.

तो मुलगा नंतर मला भेटायला आला. भांडायला आलाय असं वाटलं होतं. तो म्हणाला, ‘सर, मला फक्त का नको ते सांगा.’ त्या दिवशी बाह्यरुग्ण विभाग संपल्यावर आम्ही दोन तास बसलो. मी आज तुम्हाला सांगितलं ते सगळं त्याला आधी सांगितलंय. तेव्हापासून मूलपेशींची कुठलीही बातमी आली की तो मला पाठवतो, आणि मी विचारतो, पेशंट किती होते? तुलनेचा गट होता का? गेल्या आठवड्यात पुन्हा एक बातमी आली. मोठा मथळा, निळ्या रंगाच्या पेशींचं चित्र. मी चष्मा लावून वाचायला घेतली, तर खाली त्याचाच मेसेज होता. ‘सर, पेशंट नऊ. तुलनेचा गट नाही. चहाला कधी येऊ?’